बाळंतिणीची तुटक झोप आणि बाळाचे इशारे: नेमकं कुठे बिनसतं?

प्रश्न: प्रसूतिकक्ष परिचारिका

ग्रामीण रुग्णालयातून घरी सोडताना बाळंतीण आणि तिच्यासोबत आलेली आई किंवा सासू यांच्याशी बोलायला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. नाळेची काळजी, अंगावर पाजणं, लसी, लोहाच्या गोळ्या एवढं सांगून होतं. झोपेचा विषय मात्र "बाळ झोपलं की तूही झोप" या एका वाक्यात उरकतो. ते वाक्य कुणाच्याच उपयोगी पडत नाही, कारण बाळ झोपलं की लंगोट धुवायचे असतात नाहीतर बघायला आलेले पाहुणे बसलेले असतात.

या पंधरा मिनिटांत झोपेबद्दल काही नेमकं सांगायचं आहे. झोप मोडल्यामुळे आईला बाळाचे इशारे ओळखणं जड जातं असं वाचनात येतं, पण त्यातला कोणता भाग बिघडतो? एकूण झोप महत्त्वाची की सलग झोप? बाळ अंगावर पीत असताना दोन खोल्यांच्या घरात आईला सलग झोप द्यायची कशी? आणि "आईला आपलं बाळ कळतंच, त्यात झोपेचा काय संबंध?" या सासूबाईंच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं?

---

उत्तर: बालविकास अभ्यासक

सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच खरी मेख आहे. आईला बाळ कळतं, पण ते जन्मतःच कळत नाही. रोजच्या शेकडो छोट्या देवघेवींतून ती ते शिकते. शिकायला लक्ष लागतं आणि लक्ष झोपेवर उभं असतं.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात आणि पुढे बाल्टिमोरमध्ये लोकांच्या घरी बसून आई-बाळांची निरीक्षणं केली. आईचा बाळाशी सूर जुळणं म्हणजे काय, हे त्यांनी चार गोष्टींत पकडलं: इशारा दिसणं, त्याचा अर्थ बरोबर लागणं, त्याला साजेसा प्रतिसाद देणं आणि तो वेळेत देणं. झोप कमी पडली की या चारही गोष्टींना धक्का बसतो, पण प्रत्येकीला वेगळ्या प्रकारे.

इशारा न दिसण्याचं कारण म्हणजे लक्ष मध्येच तुटणं. झोपेचं कर्ज साठलं की मेंदू उघड्या डोळ्यांनी काही सेकंदांच्या डुलक्या घेतो. बाळ भुकेचे पहिले इशारे हळू आवाजात देतं. ते ओठ चाटतं, गाल घासून तोंड शोधतं, मूठ तोंडाकडे नेतं. रडणं हा भुकेचा शेवटचा इशारा असतो. थकलेल्या आईला पहिले तीन हुकतात आणि चौथाच ऐकू येतो. तोवर बाळ इतकं चिडलेलं असतं की स्तन नीट तोंडात धरत नाही. मग पाजायला वेळ लागतो, स्तनाग्रांना चिरा पडतात आणि आईची आणखी अर्धा तास झोप जाते. मूळ कारण झोप असतं, पण घरात बोललं जातं ते "दूध पुरत नाही" असं.

अर्थ चुकण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक रात्र जागून काढलेल्या तरुण, निरोगी लोकांचा मेंदू प्रतिमाचित्रणात तपासला, तेव्हा भीती-रागाची पहिली नोंद घेणारा अमिग्डाला जास्त भडकलेला दिसला आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्क सैल झालेला दिसला. हा अभ्यास २००७ चा. जागरणानंतर चेहऱ्यावरचे सौम्य भाव ओळखायलाही माणूस चुकतो, हे त्यानंतर दिसलं. आता बाळाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. त्यावरचे जवळजवळ सगळेच भाव सौम्य आणि क्षणिक असतात. दोन महिन्यांचं बाळ खेळता खेळता मान वळवतं, जांभई देतं, बोटं फाकवतं, उचकी देतं. "जरा थांब, मला दम घेऊ दे" एवढाच त्याचा अर्थ. ताजीतवानी आई थांबते आणि पाच-दहा सेकंदांनी बाळ आपणहून परत बघतं. जागलेल्या आईला तेच मान वळवणं नकारासारखं लागतं. एक तर ती खुळखुळा आणखी जोरात वाजवते, नाहीतर "याला मी नकोच" म्हणून गप्प होते. तिची माया तेवढीच असते, फक्त वाचन चुकतं. समुपदेशनात हा फरक स्पष्ट शब्दांत सांगाच.

वेळेबद्दल थोडक्यात. आपण आवाज केला आणि त्यामुळे आई बोलली, हा दुवा लहान बाळाला साधारण दोन-तीन सेकंदांतच लागतो. झोप कमी असलेल्या माणसाचा प्रतिसाद मंदावतो आणि मुख्य म्हणजे अनियमित होतो, कधी लगेच तर कधी फार उशिरा. यावर सोपा उपाय आहे: आधी आवाज द्यायचा, मग उठायचं. "आले हं सोन्या, आले" हे पडल्या पडल्या म्हणता येतं. शरीराला उठायला मिनिट लागलं तरी बाळापर्यंत उत्तर पोचलेलं असतं.

एकूण तास की सलग तास? अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या पहिल्या चार महिन्यांत मातांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली गेली. रात्रीची झोप सरासरी ७ तासांच्या आसपास भरली, पण तिचे तुकडे तुकडे झालेले होते. म्हणून "सात तास झोपलीस की, मग कसली दमलीस?" हा घरातला हिशोब फसवा ठरतो. मोठ्या माणसाचं झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं. तासातासाला जाग आली तर चक्र पुरंच होत नाही.

थकलेल्या माणसाला आपल्या थकव्याचा अंदाजही नीट येत नाही. २००३ च्या एका प्रयोगात लोकांना सलग १४ दिवस रात्री फक्त ६ तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष अख्खी रात्र किंवा दोन रात्री जागलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं, पण त्यांना स्वतःला मात्र "थोडी पेंग आहे" एवढंच वाटत होतं. म्हणून बाळंतिणीला "दमलीस का?" विचारून भागत नाही. "काल रात्री सगळ्यात लांब झोप किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत झाली?" असं विचारा.

आणखी एक गोष्ट तुमच्या पंधरा मिनिटांत बसवाच. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप "चळवळी" असते. बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं, पापण्यांखाली बुबुळं फिरतात, मध्येच बारीक रडल्यासारखा आवाज येतो. ते झोपलेलंच असतं. त्याचं चक्र ५०-६० मिनिटांचं असतं आणि पहिले तीनेक महिने त्याची झोप याच चळवळ्या टप्प्याने सुरू होते. दचकून उठलेली आई त्याला लगेच उचलते आणि खरोखर जागं करते. म्हणून आधी अर्धा-एक मिनिट बघायचं. डोळे मिटलेले आणि आवाज तुटक असेल तर छातीवर नुसता हात ठेवायचा. डोळे उघडले, आवाज चढत गेला किंवा तोंड शोधू लागलं तर उचलायचं. एवढं कळलं तरी रात्रीतली एक-दोन उठणी वाचतात.

---

उत्तर: स्तनपान सल्लागार

वरच्या उत्तरातल्या भुकेच्या इशाऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. आता सलग झोप कशी काढायची ते सांगते.

ध्येय एकच: चोवीस तासांत एकदा चार ते साडेचार तासांची अखंड झोप. यापेक्षा लांब झोप पहिल्या सहा आठवड्यांत मागू नये, कारण स्तन फार वेळ भरलेले राहिले की गाठी होतात, ताप येतो आणि दूधही कमी होऊ लागतं. बाळाचं वजन जन्मवजनाला परत येईपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, त्याला दर तीन तासांनी उठवून पाजायचं असतं. त्या काळात हा प्रयोग नको. बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा कावीळ झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

रात्रीची मांडणी अशी करता येते. ९ वाजता दोन्ही बाजूंनी पोटभर पाजायचं आणि आईने लगेच आडवं व्हायचं. भांडी, फोन, जेवणाचं आवरणं सगळं आधीच झालेलं हवं. बाळ दुसऱ्या खोलीत किंवा निदान पडद्यापलीकडे नवऱ्याकडे अथवा आजीकडे. हे महत्त्वाचं, कारण बाळ कुशीत असलं की प्रत्येक कण्हण्याला आईची झोप चाळवते. साडेअकराच्या सुमाराला बाळ उठेल. तेव्हा काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. महिन्याभराच्या बाळाला एका वेळी साधारण ६० ते ९० मिली पुरतं. मग दीडच्या सुमाराला बाळ आईकडे.

दूध सकाळी काढावं, तेव्हा ते जास्त असतं. पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने हाताने किंवा पंपाने, उकळून कोरड्या केलेल्या स्टीलच्या भांड्यात. खोलीचं तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर ४ तास टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात यावर विसंबू नये, काढलं की थेट फ्रिजमध्ये. तिथे ४ दिवस चालतं, पण दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूला. देताना भांडं कोमट पाण्यात धरायचं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही. बाळाने उष्टावलेलं दूध परत ठेवायचं नाही.

फ्रिज नाही, दूध काढणं जमत नाही, असं असेल तर? मग बाळाला आईपाशी "आणून पाजायचं". बाळाला उचलणं, लंगोट बदलणं, आईच्या कुशीशी आणून ठेवणं, प्यायल्यावर ढेकर काढणं आणि झोपवणं हे सगळं दुसऱ्याने करायचं. आई कुशीवर पडूनच पाजते. पाजण्यासाठीचं जे जागरण तासाभराचं होतं ते वीस मिनिटांवर येतं. खोलीत झिरोचा पिवळा दिवा पुरे. ट्यूबलाइट लावली किंवा मोबाइल उघडला की परत झोप लागायला वेळ जातो.

"वरचं दूध दे म्हणजे रात्रभर झोपशील" हा सल्ला घरोघरी मिळतो. त्याला आधार नाही. तीन महिन्यांच्या बाळांच्या पालकांची झोप मोजली तेव्हा रात्री फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांचे पालक उलट ४० ते ४५ मिनिटं जास्त झोपलेले आढळले. पाणी उकळणं, पावडर मोजणं, बाटली धुणं यात झोपेचं खोबरंच होतं.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी ठामपणे सांगा. पेंगुळलेल्या आईने सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नये. बाळ छाती आणि गादीच्या फटीत अडकून गुदमरण्याचा धोका तिथे सर्वाधिक असतो. त्यापेक्षा जमिनीवरची घट्ट गादी बरी. बाळ उताणं, त्याच्याभोवती गोधडी, दुपटी किंवा मोहरीची उशी नको. बिछान्यात कुणी तंबाखू ओढणारं, दारू प्यायलेलं किंवा झोपेची गोळी घेतलेलं असेल तर बाळ त्या बिछान्यात नकोच.

---

प्रसूतिकक्ष परिचारिका

फार उपयोगी. दोन शंका. दिवसा झोपायची वेळ कोणती सांगावी? आणि काही बायका म्हणतात, "झोपायला दिलं तरी डोळ्याला डोळा लागत नाही." ते थकव्याचंच लक्षण धरायचं का?

---

उत्तर: मानसोपचारतज्ज्ञ

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी, कारण थकवा आणि आजार यांतली सीमारेषा तिथेच आहे. बाळ शांत आहे, सांभाळायला विश्वासाचं माणूस आहे, खोलीत अंधार आहे, आणि तरीही ती तास-दोन तास टक्क जागी आहे. हे एखाद्या रात्री घडलं तर सोडून द्या. रोज घडू लागलं, आणि सोबत रडू येणं, कशातच मन न लागणं, "माझ्याकडून बाळाला काहीतरी होईल" असे विचार पुन्हा पुन्हा येणं हे दोन आठवडे टिकलं, तर नैराश्य किंवा चिंतेचा आजार आहे का ते तपासायलाच हवं. नुसत्या थकलेल्या बाईला संधी मिळाली की झोप लागते.

तपासायला एडिंबरा प्रश्नावली आहे, १९८७ पासून वापरात असलेली. दहा प्रश्न, पाच-सात मिनिटं, एकूण गुण ३०. गुण १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवायचं, १३ किंवा जास्त आले तर उशीर करायचा नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टर. सासूसमोर हे प्रश्न विचारू नका, खरी उत्तरं मिळणार नाहीत.

आपल्या भागात हे किती आहे? गोव्यात बाळंतिणींचा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांच्या टप्प्यावर २३ टक्के मातांना नैराश्य होतं आणि त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता. म्हणजे चारातली एक जवळपास. हे तुमच्या वॉर्डातल्या खाटा मोजून बघा.

याहून वेगळी एक तातडीची अवस्था आहे: झोपेची गरजच न वाटणं. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत एखादी बाई दोन-तीन रात्री अजिबात झोपत नाही, तरी थकलेली दिसत नाही, भराभर बोलते, संशय घेते, बाळाबद्दल विचित्र बोलते. हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा हा गंभीर मानसिक आजार आहे. बाहेरची बाधा समजून घरी ठेवलं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. एक दिवसही न थांबता रुग्णालय. तोवर बाळासोबत तिला एकटं ठेवायचं नाही.

थकव्यामागे शरीराची कारणंही असतात. हिमोग्लोबिन तपासा, थायरॉइडसाठी टीएसएच तपासा. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थायरॉइड बिघडणं सर्रास आढळतं. लोह-फॉलिक आम्लाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते, पण घरी गेल्यावर ती कित्येकजणी सोडतात. दुपारनंतरचा चहाही कमी करायला सांगा. मोठ्या माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांत निघून जातं, पण नवजात बाळाला त्यालाच तीन-चार दिवस लागतात. दिवसाला दोन-तीन कप ठीक.

मदत जवळ नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं.

---

उत्तर: आशा गटप्रवर्तक

दिवसाच्या झोपेचं बोलते. आपल्या घरांमध्ये एक आयती वेळ आहे: बाळाच्या न्हाणीनंतरची. मालिश, अंघोळ, मग पाजणं झालं की बाळ दिवसातली सगळ्यात लांब झोप घेतं, दीड-दोन तासांची. नेमकी तीच वेळ पाहुण्यांची आणि धुण्याची असते. घरच्यांना एवढंच सांगायचं: न्हाणीनंतरचे दोन तास दार बंद, पाहुण्यांना चार वाजताची वेळ. तीस मिनिटं झोप लागली तरी उपयोग आहे. तासभर झोपून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं जड राहतं. त्या वेळात बाळाला अंघोळ घालू नये की जिन्यावरून नेऊ नये.

शेक-शेगडी आणि धुरी बंद खोलीत असेल तर आई आणि बाळ दोघांनाही खोकला होतो, झोप मोडते ती वेगळीच. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या.

आता एक गोष्ट, जी वेळापत्रक कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाच्या सहा गृहभेटी असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. सव्वा महिना संपला की मालिशवाली थांबते, बाळंतीण स्वयंपाकाला लागते, बाबांची तर बहुतेक ठिकाणी रजा नसतेच. आणि बाळाचं रडणं सर्वांत जास्त असतं ते सहाव्या आठवड्याच्या आसपास, बहुधा संध्याकाळी. पुढे तीन-चार महिन्यांत ते ओसरतं. म्हणजे रडणं शिखरावर, आईच्या झोपेचं कर्ज शिखरावर आणि मदत संपलेली, हे तिन्ही एकाच आठवड्यात येतं. आम्ही ४२ व्या दिवसाच्या भेटीत वजन-तापमान बघून निरोप घेतो. खरं तर त्या भेटीत घरच्यांसमोर पुढच्या सहा आठवड्यांच्या रात्रींची वाटणी लिहून द्यायला हवी: कोणत्या वारी रात्री ९ ते दीड बाळ कोणाकडे.

संध्याकाळी बाळ रडायला लागलं की दृष्ट काढतात. काढू दे, त्याने कुणाचं बिघडत नाही. मात्र तेवढ्या वेळात बाळ दुसऱ्याच्या हातात आणि आई आडवी, असं झालं पाहिजे.

---

बालविकास अभ्यासक

गटप्रवर्तक ताईंचा मुद्दा लाखमोलाचा आहे. त्याला दोन पुरवण्या.

झोप मोडलेल्या मातांचा बाळाशी चाललेला खेळ बारकाईने बघितला तर सुरुवात बरी होते, पण जसा वेळ जातो तशी सूर धरून ठेवण्याची ताकद घसरते. म्हणून अशा आईला "बाळाशी भरपूर खेळ" सांगू नका. पाच-पाच मिनिटांच्या बैठका सांगा, त्याही बाळ जागं झाल्यावर पहिल्या वीस मिनिटांत. महिन्याभराचं बाळ एका वेळी जेमतेम तासभर जागं राहतं. शेवटच्या अर्ध्या तासात दोघंही थकलेली असतात, तेव्हा नुसतं कुशीत घेणं पुरे.

राग अनावर झाला तर बाळाला उताणं सुरक्षित जागी ठेवून पाच-दहा मिनिटं बाहेर जाणं हे योग्यच आहे, हे वडिलांनाही सांगा. बाळाला गदागदा हलवल्याच्या घटना रडण्याच्या याच शिखराच्या आसपास जास्त होतात आणि तेवढ्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आणि आईला दिलासा देताना खोटं सांगायची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळांच्या समोरासमोरच्या खेळाचं सेकंदासेकंदाने मोजमाप केलं. चांगल्या जमलेल्या जोड्यांतही दोघांचे भाव जुळलेले असण्याचा वेळ साधारण एक तृतीयांशच निघाला. उरलेला वेळ चुकण्यात आणि चूक सुधारण्यात जातो. ही सुधारणाच बाळाला भरवसा शिकवते. रात्री तीन वाजता इशारा हुकला तर सकाळी न्हाणीनंतर पाच मिनिटांत तो भरून काढता येतो.

---

प्रसूतिकक्ष परिचारिका

सगळ्यांचे आभार. घरी सोडण्याच्या कागदामागे चार ओळी छापून घेते: चळवळी झोप आणि अर्धं मिनिट थांबणं, आधी आवाज मग उठणं, रात्री ९ ते दीडची वाटणी (वजन भरल्यावरच), आणि "झोपायला दिलं तरी झोप येत नाही" किंवा "झोप नकोच वाटते" असं झालं तर कुठे यायचं. क्रमांक १४४१६ ठळक अक्षरांत.

---

स्तनपान सल्लागार

त्यात एक जोडा: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू. एवढं होत असेल तर बाळाला दूध पुरतंय. हा आकडा हाताशी असला की मध्यरात्री "पोट भरलं नसेल" म्हणून झोपलेल्या आईला कुणी उठवत नाही.